गोखल्यांवरचा खटला आणि न उघडलेले कागद

गोपाळ कृष्ण गोखले प्रामाणिक होते, सुसंस्कृत होते, पण राजकारणी म्हणून निष्फळ ठरले. सरकारदरबारी अर्ज करण्यात त्यांची हयात गेली आणि पदरात काही पडलं नाही. आज त्यांचं नाव घ्यायचं ते गांधींचे गुरू म्हणून. पुण्यात अलीकडेच झालेल्या एका चर्चासत्राच्या बीजभाषणात एका ज्येष्ठ अभ्यासकांनी हा निष्कर्ष मांडला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या सत्रांतल्या बहुतेक शोधनिबंधांनी तोच सूर धरला. कुणी टीकेच्या अंगाने, कुणी कौतुकाच्या. चर्चेसाठी राखलेला वेळ सत्कारांनी खाल्ला आणि प्रश्न विचारायला उठलेल्यांना ‘चहाच्या वेळी बोलू’ असं सांगून बसवण्यात आलं. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो, आणि तो ज्या रीतीने काढला गेला ती रीत मला त्याहून घातक वाटते.

अभ्यासकांचे आरोप तीन होते. गोखल्यांच्या मागण्यांतून काहीच निष्पन्न झालं नाही, हा पहिला. 1897 साली त्यांनी सरकारची माफी मागितली, त्यातून त्यांचा भित्रेपणा दिसतो, हा दुसरा. आणि त्यांचं राजकारण शिकलेल्या वरच्या थरापुरतं होतं, सामान्य माणसाशी त्यांना देणंघेणं नव्हतं, हा तिसरा. आरोप जुनेच आहेत. गोखल्यांच्या हयातीत वर्तमानपत्रांनी ते केले, तेव्हा ते राजकीय लढाईचा भाग होते. शंभराहून अधिक वर्षांनी तेच आरोप संशोधन म्हणून वाचून दाखवायचे, तर निदान दप्तर तरी उघडायला हवं.

ते उघडू. 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गोखले पहिल्यांदा अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. वय पस्तीस. 1892 च्या कायद्याने सभासदांना दिलेला अधिकार एवढाच होता की अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा बोलावं. दुरुस्ती मांडता येत नव्हती, मतदान मागता येत नव्हतं, प्रश्न विचारला तरी उपप्रश्न विचारायची सोय नव्हती. बहुमत कायम सरकारी सभासदांचं. समोर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. सरकारने शिलकी अंदाजपत्रक मांडलं होतं आणि अर्थसदस्यांच्या अभिनंदनाची भाषणं चालू होती. त्या अभिनंदनात आपल्याला सामील होता येत नाही, असं सांगूनच गोखल्यांनी सुरुवात केली.

त्यांचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडात पौंडांमध्ये मोठी रक्कम भरावी लागे. रुपयाचा भाव घसरला की तेवढेच पौंड भरायला जास्त रुपये लागत. ही तूट भरून काढायला सरकारने कर वाढवले. 1888 साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. पुढे रुपया तेरा पेन्सपर्यंत घसरून पुन्हा सोळा पेन्सवर स्थिर झाला. ज्या कारणासाठी कर वाढवले ते कारण संपलं. कर मात्र तसेच राहिले. मधल्या वर्षांत 1896-97 आणि 1899-1900 चे दोन भीषण दुष्काळ येऊन गेले, प्लेग आला. तरीही तिजोरीत शिल्लक होती. गोखले म्हणत होते की ही शिल्लक समृद्धीची खूण नव्हे. गरज नसताना रयतेकडून जास्त वसूल केल्याचा तो पुरावा आहे. सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी सरकारची फुशारकी सरकारच्या तोंडावर खोटी ठरवली. याला विनंती म्हणत असतील, तर हिशेब तपासणं कशाला म्हणायचं?

आता निष्पन्न काय झालं ते पाहू. मिठाचा कर 1903 साली अडीचाचा दोन झाला, 1905 साली दीड, 1907 साली एक रुपया. आकडे कोरडे वाटतात, म्हणून ते घरात आणू. चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया. मणाला अडीच रुपये म्हणजे शेरभर मिठामागे बरोबर एक आणा नुसता कर. मणाला एक रुपया झाल्यावर तोच कर शेरामागे पाच पैंच्याही आत आला. बारा पैंचा आणा, तेव्हा निम्म्याहून जास्त भार उतरला. हा कर वकिलांच्या किंवा प्राध्यापकांच्या खिशाला जाणवतही नव्हता. भाकरीबरोबर मीठ-मिरची खाणाऱ्याला आणि गुरांना मीठ घालणाऱ्या शेतकऱ्याला तो जाणवत होता. त्याच 1903 साली प्राप्तिकराची सूट पाचशे रुपयांवरून हजार रुपयांवर गेली. ही मागणीही आदल्या वर्षीच्या त्या भाषणात होती.

यावर अभ्यासकांचं उत्तर मला ठाऊक आहे: तिजोरी भरलेली होती, सरकारने आपल्या सोयीने कर उतरवला, गोखल्यांचं त्यात काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. कर एका भाषणाने उतरत नाही आणि कर्झनना आपली लोकप्रियताही सांभाळायची होती. पण तिजोरी त्याआधीची काही वर्षंही शिलकीच होती. तेव्हा मीठ स्वस्त झालं नव्हतं. फरक पडला तो शिलकीचा अर्थ भर सभागृहात, नोंद होईल अशा रीतीने सांगितला गेल्यावर. गोखले तो दरवर्षी सांगत राहिले. सगळं श्रेय त्यांना देऊ नका, हे मान्य. शून्य श्रेय द्यायचं असेल, तर मात्र त्यासाठीही पुरावा लागेल, आणि तो त्या बीजभाषणात नव्हता.

जे झालं नाही त्याचीही नोंद व्हावी. देशी कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा जकातवजा कर त्यांच्या हयातीत हटला नाही. लष्करी खर्चावर ते बोलत राहिले, तो फारसा हलला नाही. उलट, गिरमिटिया मजुरांच्या प्रश्नाचा या चर्चासत्रात कुणी उल्लेखही केला नाही. 1910 साली गोखल्यांनी नाताळला करारबंद मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव मांडला; तो सरकारने स्वीकारला आणि 1 जुलै 1911 पासून नाताळची भरती बंद झाली. 1912 साली त्यांनी संपूर्ण पद्धतच रद्द करण्याचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. त्यांच्या मृत्यूनंतर 1916 मध्ये पंडित मदन मोहन मालवीयांनी तोच प्रश्न पुन्हा आणला, सरकारला मान तुकवावी लागली, आणि 1917 मध्ये ही भरती थांबली. फिजी, मॉरिशस, त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांत माणसं नेणारी ही व्यवस्था मोडण्याची सुरुवात या ‘निष्फळ’ माणसाने केली होती.

दुसरा आरोप माफीचा. 1897 साली गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सैनिक घराघरांत शिरत होते. पुण्याहून मित्रांची पत्रं गेली. त्यांच्या आधारावर गोखल्यांनी तिथल्या वृत्तपत्रातून सैनिकांच्या अत्याचारांचा गंभीर आरोप केला. 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, जुलैअखेरीस टिळकांना अटक झाली. सरकार पुरावा मागत होतं आणि पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणी नाव देऊन पुढे यायला तयार नव्हतं. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली.

यात भित्रेपणा कुठे आहे ते मला अजून कळलेलं नाही. ज्याला स्वतःची कातडी वाचवायची असते, त्याला वाट मोकळी होती: पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगायची आणि बाजूला व्हायचं. रँडच्या खुनानंतरच्या त्या दिवसांत ज्याचं नाव पुढे आलं असतं त्याचं काय झालं असतं, हे सांगायला नको. गोखल्यांनी नावं दिली नाहीत. सिद्ध करता न येणारा आरोप आपण जाहीरपणे केला, तर तो मागेही जाहीरपणेच घ्यायचा, एवढाच हिशेब त्यांनी केला. त्याची किंमत त्यांनी पुण्यात वर्षानुवर्षं मोजली. माफी किती सपशेल असावी, तिचे शब्द किती नमते असावेत, यावर वाद घालता येईल. माझ्याही मते ते जरुरीपेक्षा नमते होते. पण बीजभाषणात या प्रकरणाला एक ओळ मिळाली, आणि त्या ओळीत माहिती देणाऱ्यांची नावं झाकली गेली हा भागच गाळलेला होता. अर्धी गोष्ट सांगून काढलेला निष्कर्ष संशोधन म्हणून खपवू नये.

तिसरा आरोप सर्वांत गंभीर आहे, आणि त्यात तथ्यांशही आहे. गोखल्यांनी मोर्चे काढले नाहीत, गावोगाव सभा घेतल्या नाहीत, त्यांची भाषणं इंग्रजीत आणि मूठभर लोकांपुढे झाली. हे सगळं खरं. पण माणूस कुणापुढे बोलला यावरून तो कुणासाठी बोलला हे ठरत नाही. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यावा, महिन्याला दहा रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या बापाकडून फी घेऊ नये, खर्चाचे दोन वाटे सरकारने आणि एक वाटा स्थानिक संस्थेने उचलावा, अशी त्याची रचना होती. 1912 च्या मार्चमध्ये दोन दिवस चर्चा झाली. जिना, मालवीय, मझहरुल हक बाजूने होते. 19 मार्चला विधेयक पडलं; विरोधात 38, बाजूने 13. पाडणाऱ्यांत सरकारी सभासद तर होतेच, पण आपलेही काही होते. गरिबाची पोरं शाळेत गेली तर शेतावर राबणार कोण, ही धास्ती त्या काळी उघड बोलली जात होती. गोखले फक्त वरच्या थराचे असते, तर त्या थरातल्या लोकांना त्यांच्या या विधेयकाची भीती वाटण्याचं कारण काय?

या विधेयकावर टीका करायची जागा आहे, ती वेगळी. मुली त्यात सक्तीबाहेर होत्या. पुढे कधीतरी त्यांना लागू करता येईल एवढीच तरतूद होती. सक्ती लागू करणं स्थानिक संस्थांच्या मर्जीवर आणि सरकारच्या मंजुरीवर सोडलेलं होतं. आणि महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती. तिच्यापुढे एकोणतीस वर्षांनी आलेलं गोखल्यांचं विधेयक भीत भीत टाकलेलं पाऊल दिसतं. सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यात 1893 सालीच सक्ती सुरू करून 1906 मध्ये ती साऱ्या बडोदे संस्थानात नेली होती. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात सक्तीचं आणि मोफत शिक्षण आणलं. या मोजमापाने गोखल्यांना खुशाल कमी गुण द्या. ती न्याय्य तुलना आहे. पण चर्चासत्रात फुले, सयाजीराव आणि शाहू यांच्यापैकी कुणाचंही नाव या संदर्भात निघालं नाही. आरोप करणाऱ्यांना आपल्याच बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा माहीत नसावा, हे जरा जास्तच झालं.

जातीच्या प्रश्नावरही तेच. 1903 साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत गोखल्यांनी अस्पृश्यतेवर भाषण केलं. त्यात त्यांनी आपले गुरू न्यायमूर्ती रानडे यांची एक आठवण सांगितली: दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या छळाबद्दल श्रोत्यांचा संताप पुरता जागा झाल्यावर रानड्यांनी त्यांनाच विचारलं की आपण घरात आपल्या माणसांना कसं वागवतो? भाषणांनी अस्पृश्यता गेली नाही, आणि गोखल्यांनी त्यासाठी उभं आयुष्य झोकून दिलं असं कुणी म्हणणार नाही. पण ‘देणंघेणं नव्हतं’ हे विधान या भाषणापुढे टिकत नाही.

आता गोखल्यांच्या चाहत्यांकडे वळतो, कारण त्या सभागृहात त्यांनी केलेलं नुकसान टीकाकारांपेक्षा कमी नव्हतं. एकाहून अधिक निबंध गांधींच्या हिमालय-सागर-गंगा या उपमेने सुरू झाले आणि गोखले म्हणजे गंगा एवढं सांगून संपले. गांधींनी गुरू मानलं हे खरं. पण शिष्याचं मोठेपण गुरूला उसनं देऊन गुरू समजत नाही. ‘हिंद स्वराज’ गोखल्यांना कच्चं पुस्तक वाटलं होतं. गांधी भारतात आल्यावर वर्षभर फक्त पाहा, बोलू नका, असा सल्ला त्यांनी दिला. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गांधींना घ्यावं की नाही यावर समाजाच्या सदस्यांतच एकमत झालं नाही, आणि गांधींनी आपला अर्ज मागे घेतला. या दोघांत मतभेदाची जागा किती मोठी होती हे सांगितल्याशिवाय गुरू-शिष्याचं नातं हा पोथीतला विषय होतो.

चाहत्यांनी आणखी एक गोष्ट गाळली. 1914 च्या अखेरीस काँग्रेसमधले दोन गट पुन्हा एकत्र येण्याच्या वाटाघाटी चालू होत्या. त्या वेळी गोखल्यांनी काँग्रेस नेते भूपेंद्रनाथ बसूंना खाजगी पत्र लिहिलं, त्यात टिळकांच्या हेतूंबद्दल जे मांडलं ते टिळकांना मान्य नव्हतं, आणि समेट फिसकटायला ते पत्र कारणीभूत ठरलं. आजारी, थकलेल्या माणसाच्या हातून झालेली ही गोष्ट असेल. तरी ती झाली. गोखल्यांच्या चारित्र्यावर दोन दोन निबंध वाचणाऱ्यांनी हे पत्र टाळलं, म्हणजे त्यांना गोखले अभ्यासायचे नव्हते, ओवाळायचे होते.

दोन्ही बाजूंची ही चूक एकाच सवयीतून येते. आपल्याकडे गोखल्यांवर बोलायचं म्हणजे तराजू काढायचा: एका पारड्यात टिळक, एका पारड्यात गोखले. स्टॅनले वोल्पर्ट यांनी 1962 साली याच जोडीवर पुस्तक लिहिलं. आपण तर त्याच्या आधीपासून हे वजन करत आलो आहोत. जहाल तो शूर, मवाळ तो भित्रा. किंवा उलट, मवाळ तो शहाणा आणि जहाल तो उतावीळ. हा तराजू टिळकांवरही अन्याय करतो. गोखल्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी टिळक सिंहगडावरून खाली आले आणि चितेजवळ उभं राहून त्यांच्याबद्दल आदराने बोलले. ज्यांचं भांडण होतं त्यांना एकमेकांचं मोल कळत होतं. ते ज्यांच्या वाट्याला फक्त वारशात आलं, त्यांना मात्र अजून निकाल लावायची घाई आहे.

मग चर्चासत्र कशासाठी भरवायचं? निबंधाखालचे गुण, प्रमाणपत्र आणि आयएसबीएन असलेला संग्रह एवढ्यासाठीच असेल, तर प्रश्नच मिटला. पण थोर माणसाची जयंती त्याच्याच लोकांसमोर कशी साजरी करावी याचा नमुना पुण्यातच आहे. रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीला, 18 जानेवारी 1943 रोजी, डेक्कन सभेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावलं. डेक्कन सभा रानड्यांनी 1896 मध्ये स्थापलेली, गोखले तिचे चिटणीस. व्याख्यान झालं तेही गोखले स्मारक सभागृहात. आंबेडकरांनी रानड्यांचं मोठेपण मान्य केलं, विभूतिपूजेवर कडाडून टीका केली, आणि उदारमतवाद्यांच्या पक्षाला संघटना उभारता आली नाही हे त्यांच्याच घरात जाऊन सुनावलं. गोखल्यांवरचा सर्वांत खरा आक्षेप माझ्या मते हाच आहे. 1905 साली त्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाने ना. म. जोशी, ठक्कर बाप्पा, श्रीनिवास शास्त्री यांच्यासारखी माणसं देशाला दिली. पण लोकांना मागे घेऊन जाईल असा पक्ष गोखल्यांना उभा करता आला नाही. त्यामुळे त्यांचे हिशेब अचूक असूनही त्यांच्या मागे मतांचं बळ उभं राहिलं नाही, आणि 38 विरुद्ध 13 हे आकडे पुसायला दुसऱ्यांना यावं लागलं.

हा आक्षेप घ्यायला मी तयार आहे, कारण तो कागद वाचून घेतलेला आहे. ‘निष्फळ’, ‘भित्रा’, ‘वरच्या थराचा’ हे न वाचता केलेले आरोप आहेत आणि ते मागे घेतले पाहिजेत. गोखल्यांच्या भाषणांचे आणि लेखनाचे तीन खंड 1960 च्या दशकातच छापून झाले आहेत, ग्रंथालयांत आहेत. पुढच्या चर्चासत्राच्या आयोजकांना माझी विनंती एवढीच: निबंध मागवताना अट घाला की 1902 चं अंदाजपत्रकावरचं भाषण आणि 1912 ची शिक्षण विधेयकावरची चर्चा मुळातून वाचल्याशिवाय निबंध स्वीकारला जाणार नाही. निबंध कमी येतील, सत्कारांना वेळ उरेल. पण जे येतील ते गोखल्यांबद्दल असतील.